आवाज किती किलोचा?

गिटार वाजवणाऱ्या माणसाच्या आयुष्यात दोनच वये असतात. पहिल्या वयात तो दुकानात शिरून विचारतो, "हा अ‍ॅम्प किती वॅटचा?" आणि दुसऱ्या वयात विचारतो, "हा किती किलोचा?" पहिल्या वयातून दुसऱ्या वयात माणूस नेमका कधी जातो हे कुठल्याही पंचांगात दिलेले नाही. एवढे खरे, की जाताना कमरेत एक कळ येते. माझे हे संक्रमण आमच्या इमारतीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधल्या जिन्यात झाले. त्या वेळी माझ्या हातात मित्राकडून उसना आणलेला अ‍ॅम्प्लिफायर होता, आणि मागून सौ. सांगत होती, "अहो, भिंतीचा रंग सांभाळा." रंग सांभाळला. कंबर गेली.

प्रथम माझी ओळख करून देतो. मी बँकेत कारकून आहे. हल्ली आम्हाला एक भारदस्त इंग्रजी हुद्दा मिळाला आहे, पण पासबुक भरून मागणाऱ्या आजोबांना तो ठाऊक नाही, त्यामुळे ते अजून "ओ कारकूनसाहेब" अशीच हाक मारतात. वय सेहेचाळीस, शिक्षण बी.कॉम. राहणे पुण्यात, जुन्या पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, ५४ पायऱ्या, लिफ्ट नाही. या शेवटच्या तीन गोष्टींना प्रस्तुत लेखात फार महत्त्व आहे. वाचकांनी त्या लक्षात ठेवाव्यात.

गिटार हा माझा कॉलेजपासूनचा नाद. शाखेतल्या पाच-सहा जणांचा आमचा एक वाद्यवृंद आहे. रोखपाल ड्रम वाजवतात. कर्जविभागातल्या बाई गातात. वृंदात खात्रीने सुरात असणाऱ्या त्या एकट्याच. बाकीचे आम्ही कर्ज थकवणाऱ्यांसारखे: अधूनमधून सुराला येतो, पुन्हा गायब होतो.

तर या वाद्यवृंदासाठी म्हणून मी डिजिटल मॉडेलर घेतला. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विजेच्या गिटारीला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो; तारांच्या कंपनातून निघालेला अशक्त विद्युतप्रवाह अ‍ॅम्प्लिफायर मोठा करतो, आणि मोठा करता करता त्यात आपला रंग मिसळतो. प्रत्येक अ‍ॅम्पचा रंग निराळा. एखादा घंटेसारखा स्वच्छ, एखादा सर्दी झालेल्या नटासारखा भरदार. पूर्वी दहा रंग हवे असतील तर दहा अ‍ॅम्प घ्यावे लागत. मॉडेलर म्हणजे या सगळ्या अ‍ॅम्पांची गणिती नक्कल करणारा एक चपटा संगणक. १९९८ साली लाइन सिक्स या अमेरिकन कंपनीने पॉड नावाचा तांबडा डबा काढला, आकार थेट मूत्रपिंडासारखा, आणि तेव्हापासून ही नक्कल दर पाच-सात वर्षांनी सुधारत गेली. आज पायाने दाबायच्या एका पाटीत शंभरावर अ‍ॅम्प मावतात. पाटीचे वजन तीन-चार किलो. शबनममध्ये नाही, पण शाळकरी मुलाच्या दप्तरात सहज बसते.

मी ती पाटी घरी आणली, गिटार जोडली, पाय दाबला. काही ऐकू आले नाही.

दहा मिनिटांनी लक्षात आले, की शंभर अ‍ॅम्प आत असले तरी स्पीकर एकही नाही. म्हणजे लग्नाला शंभर पाहुणे आले आणि जेवणाची पंगत मांडायला कोणी नाही, तसे. आवाज तयार आहे, पण तो बाहेर काढायला दुसरे यंत्र हवे. ते कोणते घ्यावे, हा प्रश्न मी चारचौघांत विचारला. आणि वाचकहो, तिथून माझ्या या भांडणाला सुरुवात झाली. कारण हा प्रश्न विचारल्यावर चार पंथांचे लोक आपल्या दारात येतात, आणि चौघेही आपापल्या पोथीशिवाय दुसऱ्याचे ऐकत नाहीत. त्यांचा समाचार मी क्रमाने घेणार आहे.

पहिला पंथ वॅटवाल्यांचा. यांचे म्हणणे, "घ्यायचाच तर दणदणीत घे, कमी पडायला नको." पुण्यात ज्याला घरी हेडफोन लावूनही "जरा हळू" असे ऐकावे लागते, त्याला हे लोक हजार-दोन हजार वॅटचा स्पीकर घ्यायला सांगतात. आणि खरोखरच हल्ली लहानशा पेटीवरसुद्धा दोन-दोन हजार वॅट लिहिलेले असतात. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आकडा मोठा दिसला की मी तळटीप शोधतो. तळटिपेत बारीक अक्षरांत लिहिलेले असते 'पीक'. पीक म्हणजे क्षणभर, जेमतेम, कशीबशी गाठता येणारी शक्ती. तिच्या शेजारी 'कंटिन्युअस', म्हणजे सतत देता येणारी शक्ती, लिहिलेली असली तर ती निम्मी किंवा त्याहूनही कमी. आमच्या भाषेत सांगायचे तर पीक वॅट म्हणजे गिऱ्हाइकाने कर्जाच्या अर्जात लिहिलेले उत्पन्न, आणि कंटिन्युअस वॅट म्हणजे त्याच गिऱ्हाइकाने आयकर विवरणात लिहिलेले उत्पन्न. माणूस एकच, सहीही एकच.

बरे, वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होतो का? अजिबात नाही. दुप्पट वॅटने आवाज तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला "थोडासा वाढलाय वाटतं" एवढेच. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर शक्ती सुमारे दहापट करावी लागते. म्हणजे पन्नास वॅटचे शंभर केले तर फरक पडतो तो मुख्यतः पैशात. शिवाय त्याच एका वॅटवर एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा तीन डेसिबल मोठा वाजत असेल, तर निम्म्या वॅटमध्ये तो दुसऱ्याची बरोबरी करतो. हा आकडाही कागदावर असतो, पण तो कोणी वाचत नाही. जसे मुदतठेवीच्या पावतीमागचे नियम कोणी वाचत नाही.

या वॅटवाल्यांना मी एक गोष्ट नेहमी सांगतो. १९६५ च्या सुमारास 'द हू' या इंग्रजी बँडच्या पीट टाउन्झेंडने लंडनच्या जिम मार्शलकडे एक राक्षसी पेटी मागितली, बारा इंची आठ स्पीकर एकाच पेटीत. मार्शलने ती करून दिली. पण ती उचलताना बँडच्या सामानवाल्यांचे कंबरडे मोडायची वेळ आली, त्यांनी तक्रार केली, आणि शेवटी त्या पेटीच्या चार-चार स्पीकरांच्या दोन पेट्या केल्या गेल्या. एकावर एक रचलेल्या त्या दोन पेट्या आणि वर अ‍ॅम्प, हेच पुढे जगभरच्या रॉक संगीताचे दैवत झाले. पोरांनी त्याची चित्रे खोल्यांत लावली. त्या दैवताचा जन्म हमालांच्या तक्रारीतून झाला हे चित्र लावणाऱ्यांच्या गावीही नव्हते. टाउन्झेंडकडे निदान हमाल होते. माझ्याकडे मी आहे.

दुसरा पंथ व्हॉल्व्हवाल्यांचा. हे सर्वांत सोवळे. यांच्या मते काचेच्या व्हॉल्व्हमधून निघतो तोच आवाज. बाकी सगळा बाजार. या पंथाचे आमच्या इमारतीतले पीठाधीश म्हणजे तळमजल्यावरचे काका. काका एके काळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. गणेशोत्सवात रात्री-रात्री गावोगावी फिरले. त्यांचा अ‍ॅम्प व्हॉल्व्हचा, तीस किलोंचा, कडेला लोखंडी कोपरे असलेला. अजून त्यांच्या दिवाणखान्यात आहे. त्यावर काकूंनी विणलेला रुमाल घातला आहे आणि रुमालावर टेलिफोन डिरेक्टरीच्या जमान्यातली एक फुलदाणी. गिटार भिंतीवर.

"अरे, तुझ्या त्या पाटीतून येतो तो आवाजाचा फोटो," काका म्हणाले. "फोटोला कधी घाम येतो का?"

मी म्हटले, "काका, तुम्ही शेवटचं कधी वाजवलंत?"

काकांनी भिंतीकडे पाहिले. "हा अ‍ॅम्प बसमधून उतरवताना पाठ गेली. डॉक्टर म्हणाले, पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही. एकोणीस वर्षं झाली." मग लगेच स्वर बदलून म्हणाले, "पण आवाज काय होता!"

यावर मी काही बोललो नाही. तीन मजले चढताना मात्र त्याच वाक्याशी भांडत होतो. व्हॉल्व्हचा आवाज सुंदर असतो, मला पूर्ण मान्य आहे. पण रुमालाखाली झाकलेला व्हॉल्व्ह आणि रुमालाखाली झाकलेले शिवणयंत्र यांच्या आवाजात काही फरक असतो का? फेंडर ही अमेरिकेतली व्हॉल्व्ह अ‍ॅम्पची मोठी बिरुदावली मिरवणारी कंपनी. तिचा ट्विन रिव्हर्ब नावाचा अ‍ॅम्प साधारण तीस किलोंचा. २०१९ साली त्याच कंपनीने त्याच अ‍ॅम्पची, बाहेरून हुबेहूब तशीच, डिजिटल आवृत्ती काढली. वजन पंधरा किलो. देवळाच्या पुजाऱ्यानेच मूर्ती हलकी केली, तर भक्तांनी किती दिवस डोक्यावर ओझे घ्यावे?

तिसरा पंथ काटकसरीचा. हे माझ्या जातीचे. यांचा सल्ला, "घरात जुना अ‍ॅम्प आहे ना? त्यालाच जोड." मी जोडला. गिटारीच्या भोकात मॉडेलरची वायर घातली. आवाज असा आला, की कोणी गोधडीतून गात आहे. याचे कारण पुढे कळले आणि ते इथे नोंदवून ठेवतो, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. गिटारच्या अ‍ॅम्पमधला बारा इंची स्पीकर हा मुळात अर्धवट बहिरा असतो. माणसाच्या कानाची धाव वीस हजार हर्ट्झपर्यंत. हा स्पीकर पाच हजारांच्या पुढे झपाट्याने मान टाकतो. आणि तेच गिटारच्या पथ्यावर पडते, कारण त्याच्या वर गिटारीचा फाटलेला आवाज म्हणजे निव्वळ तेलात मोहरी तडतडणे. म्हणून मॉडेलर अ‍ॅम्पबरोबर स्पीकरचीही नक्कल करतो आणि ती मोहरी आधीच गाळून टाकतो. आता हा गाळलेला आवाज पुन्हा गिटारच्या स्पीकरमधून काढला, तर तो दोनदा गाळला जातो. चहा एकदा गाळावा. दोनदा गाळला तर उरते ते आमच्या कँटीनमधले.

उपाय आहे. मॉडेलरमधली स्पीकरची नक्कल बंद करायची, आणि वायर पुढच्या भोकात न घालता अ‍ॅम्पच्या पाठीमागे 'रिटर्न' लिहिलेल्या भोकात घालायची, म्हणजे जुन्या अ‍ॅम्पचा स्वतःचा रंग बराचसा टळतो. एवढे केले तर काटकसरीचा मार्ग चांगला. किंवा मुठीत मावणारा पॉवर अ‍ॅम्प घ्यायचा आणि गिटारच्या स्पीकरची पेटी जोडायची. आता 'क्लास डी' जातीच्या मंडलामुळे दीड-दोनशे वॅटचा पॉवर अ‍ॅम्प एक किलोच्या आत मिळतो. त्याला माझी हरकत नाही. हरकत पेटीला आहे. पेटी लाकडाचीच, लोहचुंबकासकट, आणि माझ्या ५४ पायऱ्या त्याच.

चौथा पंथ सर्वांत आधुनिक आणि सर्वांत घातकी. हे म्हणतात, "काहीच घेऊ नकोस. मॉडेलर सरळ मांडवातल्या साउंडवाल्याला दे. जगात मोठेमोठे लोक असंच करतात." करतात, नक्की करतात. पण त्या मोठ्या लोकांचा साउंडवाला त्यांचाच असतो. आमच्या स्नेहसंमेलनाचा साउंडवाला त्याच संध्याकाळी आणखी एक मुंज सांभाळून आला होता. मी त्याच्या हातात वायर दिली. त्याने ती मिक्सरच्या एका भोकात खुपसली, अंगठा वर केला आणि वडा खायला गेला. ते भोक मेलेले होते.

आम्ही पाच गाणी वाजवली. मी पाचही गाण्यांत बोटे झिजवली; दोन ठिकाणी तर डोळे मिटून मान मागे टाकली. बाहेर गिटारीचा एक सूर गेला नाही. मला वाटत होते, स्टेजवर ऐकू येत नसेल, समोर ऐकू जात असेल. समोरच्यांना वाटत होते, हा माणूस शोभेला असेल. कार्यक्रम संपल्यावर शाखाधिकारी स्वतः येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाले, "आज तुमची गिटार फार छान वाटली. कानाला अजिबात त्रास नाही." घरी जाताना स्कूटरवर सौ. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अहो, तुम्ही आज वाजवत होतात ना?"

माणसाला एका वाक्याने पोरके करायचे तर हे वाक्य पुरे. त्या रात्री मी शपथ घेतली: यापुढे माझा आवाज मी स्वतः घेऊन जाईन. मांडववाल्याला हवा तर त्याने त्यातून वाटा न्यावा, पण माझ्या पायाशी माझ्या मालकीचा एक स्पीकर असेल.

आता माझी बाजू. माझे म्हणणे असे, की मॉडेलरबरोबर घ्यावा तो सपाट स्पीकर. त्याचे शास्त्रोक्त नाव 'फुल रेंज, फ्लॅट रिस्पॉन्स'. जाणकार त्याला लाडाने 'एफआरएफआर' म्हणतात. मुख्य कार्यालयाच्या एखाद्या परिपत्रकाचे नाव वाटते, पण वस्तू चांगली आहे. सपाट म्हणजे काय, तर आत जे दिले ते जसेच्या तसे बाहेर. पदरचे काही घालायचे नाही, मधले काही खिशात टाकायचे नाही. थोडक्यात, आदर्श रोखपाल. गिटारचा स्पीकर म्हणजे गावाकडची गोष्ट सांगणारा मामा. तो गोष्टीत आपले तिखटमीठ घालणारच, आणि म्हणूनच तो आपल्याला आवडतो. पण मॉडेलरने तिखटमीठ आधीच घातलेले असते. तिथे मामा नको, रोखपाल हवा. आणि भाषणांसाठी, गाण्यासाठी म्हणून जे स्पीकर विकतात, आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले, ते पुष्कळसे याच कामाचे असतात. गिटारचे नाव छापले नाही म्हणून ते वाईट होत नाहीत.

मात्र याचा अर्थ खेळणे घ्यावे असा नाही. सपाट स्पीकरला स्वच्छ राहून वाजायचे असते. शेजारी ड्रम बडवणारा रोखपाल असेल, तर पाण्याच्या बाटलीएवढा स्पीकर गुदमरतो. आणि बॅटरीवर चालणाऱ्या स्पीकरच्या मोहात पडण्याआधी आपली पाटी कशावर चालते ते पाहावे. माझा एक सहकारी गच्चीवर वाजवायला म्हणून बॅटरीचा स्पीकर घेऊन आला. मॉडेलरला भिंतीतलीच वीज लागते हे त्याला गच्चीवर कळले. म्हणजे वरात निघाली घोड्यावरून आणि नवरदेव घरी प्लगला लावलेला.

मी दुकानात गेलो तो टेप घेऊन. घरून निघण्यापूर्वी स्कूटरच्या पायाजवळची जागा मोजली होती. विक्रेता म्हणाला, "साहेब, वाजवून बघा ना."

म्हटले, "नंतर. आधी उचलून बघतो."

दहा इंची स्पीकरचा, साडेदहा किलोंचा एक डबा एका हातात घेऊन मी दुकानाच्या जिन्याने तीनदा वरखाली केले. तिसऱ्या खेपेला विक्रेत्याने पाणी आणून दिले. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने आपुलकीने विचारले, "काका, डिलिव्हरीचं काम करता का?" मी रागावलो नाही. गिटार वाजवणारा प्रत्येक माणूस हे काम करतो. फक्त त्याला त्याचे पैसे मिळत नाहीत.

मग वाजवून पाहिले. आपली गिटार, आपली पाटी, आपली बोटे. दुकानातली गिटार घेऊन स्पीकर पारखणे म्हणजे शेजाऱ्याच्या चष्म्याने डोळे तपासणे. स्पीकर जमिनीवर होता तेव्हा आवाज मातट वाटला. स्टँडवर चढवला तेव्हा खुलला. उंच सूर सरळ रेषेत जातात, ते कानाच्या दिशेने सोडावे लागतात. गुडघ्यांना कान नसतात, ही साधी गोष्ट गिटारवाले पिढ्यान्‌पिढ्या विसरत आले आहेत.

पण पहिल्या रविवारच्या सरावाला फजिती झालीच. घरी हेडफोनवर रात्री अकराला जमवलेले माझे सगळे लाडके आवाज गाळ्यात मोठ्याने वाजवले, तर खालून ढोल आणि वरून कर्कश काच. कर्जविभागातल्या बाईंनी गाणे थांबवले आणि माझ्याकडे थकबाकीदाराकडे पाहतात तसे पाहिले. मी स्पीकरवर संशय घेतला. दोष स्पीकरचा नव्हता. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९३३ सालीच दाखवून ठेवले आहे, की आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खालचे आणि फार वरचे सूर कमी ऐकू येतात. म्हणून घरी हळू वाजवताना आपण ते मुक्त हस्ताने वाढवतो, आणि मांडवात तेच आपल्या अंगावर येतात. तात्पर्य, ज्या आवाजात वाजवायचे त्याच आवाजात जमवायचे. पुढचे दोन रविवार मी गाळ्यात एकटा जाऊन सगळे पुन्हा जमवले. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याखेरीज कोणाची तक्रार आली नाही, आणि त्याचेही म्हणणे एवढेच होते, की गिरणीचा पट्टा सैल झाल्यासारखा आवाज येतोय, तो तुमचा की माझा?

गणपतीत आमच्या इमारतीत खालच्या अंगणात कार्यक्रम होता. मी स्पीकर घेऊन ५४ पायऱ्या उतरलो, एका हातात स्पीकर, दुसऱ्या हातात गिटार, पाठीला पाटी. एकाच खेपेत. सौ. मागून "भिंत" म्हणाली नाही; तिला म्हणायला जागाच राहिली नव्हती. अंगणात मांडामांड करत असताना काका गॅलरीत येऊन उभे राहिले.

"हाच का तो तुझा फोटो?"

"या ना काका. एकदा हात लावून पाहा."

"छे रे. बोटं राहिली नाहीत."

काकू आतून म्हणाल्या, "जा हो. रुमाल मी धुवायला काढलाच आहे." या वाक्याचा अर्थ मला कळला नाही, काकांना कळला असावा. ते आले. खुर्चीवर बसले, माझी गिटार मांडीवर घेतली. मी पाटीवर सर्वांत साधा, स्वच्छ, जुन्या अ‍ॅम्पचा आवाज लावून दिला आणि बाजूला झालो. काकांनी दोन तारा जुळवल्या, म्हणजे माझ्या जुळलेल्या होत्या त्या त्यांनी दुरुस्त केल्या. मग वाजवू लागले. बोटे अडखळत होती. पण मधूनच एखादा सूर असा ताणायचे, की मांडवाचे पडदे बांधणारी पोरे हातात सुतळी धरून थांबली. माझ्या त्या पाटीतून मी तीन वर्षांत तसा सूर काढला नव्हता. यंत्र तेच, स्पीकर तोच. पंथांच्या भांडणात हा मुद्दा कोणीच मांडला नव्हता.

दहा मिनिटांनी काकांनी गिटार खाली ठेवली. मी विचारले, "कसा वाटला आवाज?"

"नव्वद टक्के," काका म्हणाले. "दहा टक्के कमीच आहे. मी खोटं बोलणार नाही."

मी वादाला तयार झालो. डेसिबल, हर्ट्झ, २०१९, सगळे जिभेवर होते. तेवढ्यात काका स्पीकरवर हात ठेवून हळूच म्हणाले, "पण एकोणीस वर्षं शून्य टक्के वाजत होतो रे."

माझा या विषयावरचा सगळा युक्तिवाद एवढाच आहे. तो मला अडीच हजार शब्दांत जमला नाही, काकांनी एका ओळीत केला. आवाजात शेवटचे दहा टक्के मिळवण्यासाठी जी माणसे पाठ मोडून घेतात, त्यांच्याकडे शेवटी सुंदर फर्निचर उरते. गिटार वाजवणारी माणसे चाळिशी-पन्नाशीत थांबतात ती बोटे थकली म्हणून नव्हे. "कोण एवढं उचलून नेणार" असे एका रविवारी म्हणतात, मग दुसऱ्या रविवारी, आणि मग रुमाल विणला जातो. म्हणून माझे सर्व पंथांना हात जोडून सांगणे आहे: जो उचलून नेता येतो तोच अ‍ॅम्प उत्तम. बाकी सगळे तळटिपेत.

काका हल्ली दर रविवारी आमच्या सरावाला येतात. डॉक्टरांच्या हुकमाप्रमाणे पाच किलोंच्या आतली वस्तू, म्हणजे पाटी, ते घेतात. साडेदहा किलो माझ्याकडे. येताना वाटेत, व्हॉल्व्ह तो व्हॉल्व्हच, हे मला न चुकता ऐकवतात. मी ऐकून घेतो. स्नेहसंमेलनही पुन्हा आले. या वेळी साउंडवाल्याचे सगळे भोके मेलेली असती तरी चालले असते. माझा आवाज माझ्या पायाशी होता. कार्यक्रम संपल्यावर शाखाधिकारी आले, माझा हात हातात घेतला आणि जरा अडखळत म्हणाले, "छान झालं. पण ते मागच्या वर्षीचं काही निराळंच होतं. तसं पुन्हा नाही का करता येणार?"